विंडोज 11 वर गेल्यावर जुनं रूप परत कसं आणायचं: टास्कबार, स्क्रोलबार, रंग आणि मंगल फॉन्टसकट

अण्णांचा जुना पीसी विंडोज 7 वर होता, म्हणजे अगदी परवापरवापर्यंत. त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपलेला, पण अण्णांना त्याचं काय, त्यांचं चाललं होतं. टास्कबार डाव्या बाजूला उभा, विंडो सगळ्या राखाडी क्लासिक थीममध्ये, पांढऱ्या बॅकग्राउंडच्या जागी फिकट हिरवट रंग (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पांढरं टोचतं म्हणून), आणि स्क्रोलबार बोटभर जाड. मग एक दिवस हार्ड डिस्क गेली, नवा लॅपटॉप आला विंडोज 11 वाला, आणि पहिल्याच संध्याकाळी फोन, "अरे, याच्यात रंग बदलायचं कुठंय? आणि ही बाजूची दांडी कुठं गेली? मी हलवतोय तर हलतच नाही."

दांडी म्हणजे स्क्रोलबार. तो होता तिथेच होता, फक्त केसाएवढा बारीक झालेला आणि माउस नेल्याशिवाय दिसतच नव्हता.

मी दोन रविवार घालवले त्याच्यावर. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टसुद्धा 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यामुळे आता बरेच जण हीच उडी मारतायत, म्हणून जे जे केलं ते क्रमाने लिहून ठेवतोय. विंडोज 10 वरून आलेल्यांना यातलं अर्धं आधीच सोसून झालेलं असेल, ते वगळून वाचा.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, नाहीतर माझ्यासारखे तासन् तास जातील. जे जे "गेलं" असं वाटतं त्याचे तीन ढीग असतात. पहिला, गेलेलं नाही फक्त जागा बदललीये. दुसरा, सेटिंगमधून काढलंय पण आत शिल्लक आहे, रजिस्ट्रीतून (म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग्ज जिथे आत लिहून ठेवते तिथून) बदलता येतं. तिसरा, खरोखर गेलं, आता बाहेरचं टूल टाका नाहीतर सवय करा. अण्णांच्या तक्रारींची यादी मी कागदावर लिहिली आणि प्रत्येकीपुढे 1, 2, 3 टाकलं, तर निम्म्याहून जास्त पहिल्या ढिगात निघाल्या. रजिस्ट्रीत हात घालायची घाई अजिबात करू नका.

हे गेलं तरी कसं

थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की कशामागे धावायचं नाही ते पण कळतं. विंडोज 95 पासून 7 पर्यंत क्लासिक थीम होती, आणि तिच्यासोबत तो प्रसिद्ध डायलॉग, ज्यात टायटल बार, मेनू, बटण, विंडोचा बॅकग्राउंड, एकेकाचा रंग, साइज आणि फॉन्ट वेगळा ठरवता यायचा. 2012 च्या विंडोज 8 मध्ये क्लासिक थीम पण काढली आणि तो डायलॉग पण, कारण तिथून पुढे विंडो रंगवण्याचं काम कायम डीडब्ल्यूएम (डेस्कटॉप विंडो मॅनेजर) नावाच्या भागाकडे गेलं. व्हिस्टा आणि 7 मध्ये तो बंद करता यायचा, 8 पासून नाही. फॉन्ट साइजचा उरलासुरला डायलॉग (फक्त मेनूची अक्षरं मोठी, फक्त टायटलची मोठी वगैरे) 2017 च्या क्रिएटर्स अपडेटमध्ये विंडोज 10 मधून गेला. आणि 2021 ला विंडोज 11 आली तेव्हा टास्कबार जवळजवळ नव्याने लिहिलेला होता, त्यामुळे जुन्या टास्कबारच्या सोयी आपोआप आल्याच नाहीत, एकेक करून परत बसवाव्या लागल्या. म्हणून काही 2022 ला परत आल्या, काही 2023 ला, काही 2025 ला. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून "हे होतच नाही" असं ठरवू नका, आधी आपल्या मशीनवर अपडेट पूर्ण करा आणि मग बघा.

जुनं मशीन चालू असेल तर आधी हे

आमची डिस्कच गेली म्हणून हे जमलं नाही, तुमचं जमत असेल तर करा. जुन्या मशीनवर डेस्कटॉपवर राइट क्लिक, पर्सनलाइज, तिथे आपल्या थीमवर राइट क्लिक करून "सेव्ह थीम फॉर शेअरिंग". एक फाइल मिळते, ती पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या मशीनवर डबल क्लिक करा, वॉलपेपर आणि आवाज वगैरे येतात. क्लासिक रूप येत नाही, ती आशा ठेवू नका. आणि मोबाइलने फोटो काढून ठेवा, डेस्कटॉपचा, टास्कबारचा, स्टार्ट मेनूचा, फाइल उघडल्यावर कॉलम कसे दिसतात त्याचा. हा फोटोच पुढे उपयोगी पडतो कारण माणसाला "आधी वेगळं होतं" एवढंच आठवतं, काय वेगळं होतं ते नाही.

सगळंच करडं दिसत असेल तर

पर्सनलायझेशनमध्ये गेल्यावर रंग, वॉलपेपर काहीच बदलता येत नसेल आणि वर "ॲक्टिव्हेट विंडोज" अशी ओळ असेल तर ऑप्शन गेलेले नाहीत, विंडोज ॲक्टिव्हेट नाहीये. सेटिंग्ज उघडा (विंडोजचं बटण आणि आय), सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन, तिथे काय लिहिलंय बघा. असेंबल करून घेतलेल्या पीसीत हे सर्रास निघतं, आमच्या शेजारच्यांनी महिनाभर "नवीन विंडोजमध्ये फोटोच लावता येत नाही" म्हणून काळा पडदा बघितला. (ॲक्टिव्हेट नसतानाही फोटोवर राइट क्लिक करून "सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड" चालतं, पण तो काही उपाय नाही, दुकानदाराला बिल दाखवून लायसन्स मागा.)

ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि "काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते" अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर तो विषय तुमच्या आयटीवाल्यांचा, घरी बसून खटपट करू नका.

आधी डोळ्यांचं बघा: अक्षरं आणि स्क्रोलबार

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्केल, मग टेक्स्ट साइज, बाकी सगळं नंतर, कारण स्केल बदलला की पुढच्या भागात रजिस्ट्रीत घातलेले आकडे परत मूळपदावर जाऊ शकतात.

सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले > स्केल. इथे 125 किंवा 150 टक्के केलं की सगळंच मोठं होतं, चित्रं, बटणं, सगळं. फक्त अक्षरं मोठी हवी असतील तर सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > टेक्स्ट साइज, तिथे सरकपट्टी आहे, 100 पासून 225 टक्क्यांपर्यंत. अण्णांना स्केल 125 आणि टेक्स्ट 115 जमलं. टेक्स्ट फार वाढवलं तर काही जुन्या प्रोग्राममध्ये बटणावरची अक्षरं कापली जातात, मराठीत तर वरची वेलांटी आणि खालचा उकार आधी जातो. म्हणून पाच-पाच टक्क्यांनी वाढवा आणि मराठी नावाची एखादी फाइल समोर ठेवून बघत जा.

अक्षरं पुसट दिसतायत अशी तक्रार असेल तर स्टार्टमध्ये इंग्रजीत क्लियरटाइप टाइप करा, "ॲडजस्ट क्लियरटाइप टेक्स्ट" येईल, चष्मा लावून त्यातले नमुने निवडत जायचं, डोळ्याच्या डॉक्टरकडे "हे बरं की ते" विचारतात तसंच. मी करून उपयोग नाही, ज्याचा कॉम्प्युटर त्यालाच बसवा.

आता ती दांडी. सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे पहिलंच, "ऑलवेज शो स्क्रोलबार्स". चालू करा. एवढ्याने दिसायला लागते. त्याच पानावर ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स आणि ॲनिमेशन इफेक्ट्स पण आहेत, दोन्ही बंद केले तर काचेसारखा धूसर भाग जातो आणि विंडो उघडताना तरंगत येत नाहीत, जुन्या मशीनसारखं पटकन उघडल्यासारखं वाटतं. चार जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर हे बंद करून टाकाच.

माउसचा बाण हरवतो असं म्हणणारे असतील तर ॲक्सेसिबिलिटीमध्येच "माउस पॉइंटर अँड टच", साइज 1 ते 15, रंगही हवा तो. हे मात्र जुन्यापेक्षा चांगलं झालंय, मान्य करायला हवं.

टास्कबार

सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टास्कबार, एकदम खाली "टास्कबार बिहेवियर्स" म्हणून एक पट्टी मिटलेली असते, ती उघडा. बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. तिथे:

1. टास्कबार अलाइनमेंट: सेंटरचं लेफ्ट करा. स्टार्ट बटण परत डाव्या कोपऱ्यात.
2. "कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स": नेव्हर करा. मग प्रत्येक फाइल वेगळी आणि नावासकट दिसते. हे 2021 मध्ये काढलं होतं, 2023 ला परत दिलं.
3. "शो स्मॉलर टास्कबार बटन्स": 2025 च्या अपडेटमध्ये आलंय. पण नीट समजून घ्या, याने आयकॉन लहान होतात, पट्टीची उंची तेवढीच राहते. विंडोज 10 सारखी पट्टी बारीक होत नाही.
4. घड्याळात सेकंद हवे असतील तर "शो सेकंद्स" म्हणून खूण आहे.

उंचीचा मुद्दा किरकोळ वाटतो पण नाहीये. 1366 बाय 768 चा स्वस्त लॅपटॉप घ्या, 100 टक्के स्केलवर विंडोज 11 ची पट्टी 48 पिक्सेल, विंडोज 10 ची 40 होती आणि लहान आयकॉन केले की 30. एक्सेलमध्ये हिशेब बघणाऱ्याला तेवढ्यात एक ओळ जास्त दिसते. सरळ उपाय म्हणजे त्याच यादीतलं "ऑटोमॅटिकली हाइड", माउस खाली नेला की पट्टी येते. अण्णांना हे दोन दिवसही चाललं नाही, "लपंडाव खेळायचं वय आहे का माझं" म्हणाले.

आणि उभा टास्कबार. हा तिसऱ्या ढिगातला, म्हणजे खरोखर गेलेला. डावीकडे, उजवीकडे, वर, कुठेच नेता येत नाही, निदान माझ्यासमोरच्या मशीनवर तरी तसं सेटिंग नाहीये. तुमच्याकडे पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये आलं असेल तर वरच्याच यादीत सापडेल, टूल टाकायच्या आधी तिथे एकदा बघाच. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी सांगितलं होतं की टास्कबार हलवणारे लोक बाकीच्यांच्या मानाने थोडे आहेत. असतील थोडे, पण ते थोडे वीस-वीस वर्षं तसंच वापरतायत, त्यांचा हात आपोआप डावीकडे जातो त्याचं काय.

टास्कबारवर फोल्डरची टूलबार लावायची सोय पण गेली (क्विक लाँच त्यातलीच). अण्णांनी तिथे भजनी मंडळाच्या हिशेबाचा फोल्डर लावला होता. त्याला मी असं केलं: त्या फोल्डरचा डेस्कटॉपवर शॉर्टकट केला, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या चौकटीत जे लिहिलेलं असतं त्याच्या सुरुवातीला इंग्रजीत एक्सप्लोरर हा शब्द आणि एक स्पेस टाइप केली, ओके. मग शॉर्टकटवर राइट क्लिक, शो मोअर ऑप्शन्स, पिन टु टास्कबार. आयकॉन बदलायचा असेल तर पिन करायच्या आधी त्याच प्रॉपर्टीजमध्ये चेंज आयकॉन आहे, मी पिवळ्या फोल्डरऐवजी झाडाचं चित्र दिलं म्हणजे एक्सप्लोररशी गल्लत होत नाही. एवढं नको असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून "पिन टु क्विक ॲक्सेस", मग टास्कबारवरच्या पिवळ्या फोल्डरवर राइट क्लिक केलं की यादीत तो दिसतो.

स्टार्ट मेनू आणि राइट क्लिक

लाइव्ह टाइल्स (विंडोज 8 आणि 10 च्या स्टार्टमधले ते हलते चौकोन) गेल्या, त्या काही येत नाहीत. पर्सनलायझेशन > स्टार्टमध्ये जाऊन रिकमेंडेड वगैरे नको ते बंद करा, आणि फोल्डर्समध्ये डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, सेटिंग्ज चालू करा म्हणजे ते पॉवर बटणाशेजारी येऊन बसतात. पिन केलेल्या आयकॉनवर आयकॉन ओढून टाकला की मोबाइलसारखा फोल्डर होतो. 2025 च्या शेवटी नवा स्टार्ट मेनू यायला लागलाय, त्यात सगळे प्रोग्राम एकाच पानावर खाली दिसतात, तो आला असेल तर उत्तम.

राइट क्लिकचा जुना लांबलचक मेनू पाहिजे तर शिफ्ट दाबून धरा आणि मग राइट क्लिक करा, थेट तोच येतो. कायमचा आणायची रजिस्ट्रीची युक्ती आहे पण त्यात लांबलचक कोड हाताने टाइप करावा लागतो, एक अक्षर चुकलं की काहीच होत नाही आणि आपण विचार करत बसतो. शिफ्ट पुरे आहे.

रंग

सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > कलर्स. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते म्हणजे "शो ॲक्सेंट कलर ऑन स्टार्ट अँड टास्कबार" हे बटण करडं असतं, दाबताच येत नाही. त्याचं कारण वर आहे, मोड लाइट ठेवलेला असतो. "चूज युवर मोड" मध्ये कस्टम निवडा, मग विंडोज मोड डार्क आणि ॲप मोड लाइट करा. आता बटण जिवंत होतं. ॲक्सेंट कलर मॅन्युअल ठेवून आवडीचा रंग द्या, आणि त्याच्या खालचं "टायटल बार्स अँड विंडो बॉर्डर्स" पण चालू करा. चार विंडो उघड्या असताना सध्या कोणती चालू आहे ते कळायला याच्याइतका सोपा उपाय नाही, नाहीतर सगळ्याच पांढऱ्या आणि आपण भलतीकडे टाइप करतोय. क्रोमसारखे काही प्रोग्राम आपली वरची पट्टी स्वतःच रंगवतात, तिथे हे लागू होणार नाही.

पण अण्णांचा प्रश्न वेगळा होता, मागचा पांढरा रंग. त्यासाठी जुन्या डायलॉगचा एक दूरचा नातेवाईक अजून जिवंत आहे: सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > कॉन्ट्रास्ट थीम्स. ॲक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय अशा चार थीम. डेझर्ट उजळ आहे, ती निवडून एडिट दाबा, तिथे बॅकग्राउंड, टेक्स्ट, हायपरलिंक, सिलेक्ट केलेला मजकूर, बटण असे एकेक रंग बदलता येतात. मी फिकट हिरवट बॅकग्राउंड आणि काळी अक्षरं दिली, सेव्ह ॲज करून नाव दिलं, अप्लाय. झालं, सगळं हिरवट. अण्णा खूश.

अर्धा तासच. मग त्यांनी बँकेची साइट उघडली आणि तिथलेही सगळे रंग गेले, कारण ही थीम ब्राउझरमध्येही वेबसाइटचे रंग बाजूला सारते. फोटो नीट दिसतात पण पानांचे रंगीत चौकोन, पट्ट्या, बटणं सपाट. ज्यांना खरोखर कमी दिसतं त्यांच्यासाठी ही सोय आहे आणि त्यांना ती भारीच आहे, नुसत्या हौसेसाठी जड पडते. (चुकून लागली तर डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबा, जाते. हेच दाबून लागते पण, नातवंडांनी कीबोर्ड बडवला की होतं कधीकधी.)

शेवटी काय चाललं तर नाइट लाइट. सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले > नाइट लाइट, स्ट्रेंग्थ 25 च्या आसपास, शेड्यूल बंद ठेवून दिवसभर चालू. हिरवट नाही, पण जुन्या वहीच्या कागदासारखा रंग येतो. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवला. तक्रार थांबली.

रजिस्ट्री: दुसरा ढीग

इथे आधी दोन कामं. काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता यावी म्हणून स्टार्टमध्ये इंग्रजीत "क्रिएट अ रिस्टोर पॉइंट" शोधा, सी ड्राइव्ह निवडून कॉन्फिगरमध्ये सिस्टिम प्रोटेक्शन चालू करा (पुष्कळ लॅपटॉपवर बंद असतं), मग क्रिएट. दुसरं, विंडोज बटण आणि आर दाबून इंग्रजीत रेजएडिट टाइप करा, रजिस्ट्री एडिटर उघडेल, आपण ज्या फोल्डरमध्ये बदल करणार तो निवडून फाइल > एक्सपोर्ट. ही फाइल डेस्कटॉपवर ठेवा, काही बिघडलं तर डबल क्लिक केलं की जुने आकडे परत.

आता डाव्या बाजूने उघडत जा: एचकी करंट युजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप, विंडोमेट्रिक्स. उजवीकडे नावं आणि आकडे दिसतील, सगळे उणे. घाबरू नका, पिक्सेलला 15 ने गुणून पुढे उणे लावायचं एवढंच गणित आहे. स्क्रोलविड्थ -255 असतं म्हणजे 17 पिक्सेल. अण्णांना 25 पिक्सेल जाड हवा, 25 गुणिले 15 म्हणजे 375, म्हणून -375 लिहिलं. आडव्या स्क्रोलबारसाठी स्क्रोलहाइट पण तेवढंच. डेस्कटॉपवरच्या आयकॉनमधलं अंतर म्हणजे आयकॉनस्पेसिंग आणि आयकॉनव्हर्टिकलस्पेसिंग, मूळ -1125, मराठी फाइलची लांब नावं एकमेकांना चिकटत असतील तर -1400 करून बघा. टायटल बारची उंची कॅप्शनहाइट, मूळ -330.

नवीन काही तयार करायचं नाही, आहे त्या नावावर डबल क्लिक करून फक्त आकडा बदलायचा, एका वेळी एकच, आणि साइन आउट करून परत आत यायचं. तेव्हाच दिसतं.

जाड स्क्रोलबार जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये दिसतो, सेटिंग्जसारख्या नव्या घडणीच्या ॲपमध्ये नाही. म्हणजे हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मस्त दिसतो आणि दुसरीकडे तीच केसाएवढी दांडी. अण्णांना शेवटी माउसचं चाक आणि पेज डाउन शिकवलं.

कंट्रोल पॅनलच्याच खाली कलर्स नावाचा फोल्डर आहे, तिथे रंग तीन आकड्यांत लिहिलेले असतात, लाल हिरवा निळा. डेस्कटॉपवर माउस ओढल्यावर जो निळा चौकोन उमटतो त्याचा रंग हॉटट्रॅकिंगकलर, मूळ 0 102 204. तो बदलणं ही निव्वळ हौस, पण मी केली. त्याच यादीत विंडो म्हणून 255 255 255 आहे, तो बदलून जुन्यासारखा बॅकग्राउंड येईल असं वाटतं पण आताचे बहुतेक प्रोग्राम तिकडे बघतच नाहीत, आणि थीम बदलली की आकडा परत मूळचा. माझा एक तास त्यात गेला, तुमचा घालवू नका.

मंगल कुठे गेला

हे वेगळं लिहितोय कारण याच्यावर मराठीत कुणी बोलत नाही. जुन्या वर्डच्या फाइली, मंडळाची पत्रं, पावत्या, सगळं मंगल फॉन्टमध्ये. नव्या लॅपटॉपवर उघडली तर अक्षरं वेगळीच दिसायला लागली, ओळी सरकल्या, एका पानाचं पत्र दीड पानावर गेलं. विंडोज 8 पासून सिस्टिमचा देवनागरी फॉन्ट निर्मला यूआय आहे, आणि विंडोज 10 पासून मंगल वेगळ्या गठ्ठ्यात टाकलाय जो इंग्रजी विंडोजवर आपोआप येत नाही. सेटिंग्ज > सिस्टिम > ऑप्शनल फीचर्स (थोड्या आधीच्या आवृत्तीत हे ॲप्समध्ये होतं), व्ह्यू किंवा ॲड फीचर्स, आणि इंग्रजीत देवनागरी शोधा. "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" येईल, खूण करून इन्स्टॉल. मंगलसोबत अपराजिता, कोकिळा, उत्साह आणि संस्कृत टेक्स्ट हे पण मिळतात. नेट लागतं. वर्ड बंद करून परत उघडा, पत्र पुन्हा एका पानावर. फॉन्ट कुठल्यातरी फुकट साइटवरून उतरवायची गरज नाही.

बाहेरची टूल्स: तिसरा ढीग

इथे प्रत्येकाने आपलं ठरवावं. ही टूल्स विंडोजच्याच एक्सप्लोररमध्ये शिरून काम करतात, त्यामुळे मोठं अपडेट आलं की त्यांची नव्या विंडोजशी गाठ पडते आणि टास्कबार गायब होऊ शकतो, अँटिव्हायरस पण कधीकधी ओरडतो. बँकेची कामं, पगारपत्रकं ज्या मशीनवर होतात तिथे मी टाकणार नाही.

विंडहॉक फुकट आहे आणि सोर्स उघडा आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो). त्यात छोटे छोटे मॉड, म्हणजे एकेक बदल करणारे तुकडे असतात, हवा तेवढाच टाकायचा, टास्कबारची उंची कमी करायचा एक, उभा टास्कबार करायचा एक. बंद केला की जुनं जसंच्या तसं, हे मला बरं वाटलं. एक्सप्लोररपॅचर हे पण फुकट आणि सोर्स उघडा असलेलं, विंडोज 10 च्या घडणीचा टास्कबार आणायचा प्रयत्न करतं. स्टार्टऑलबॅक आणि स्टार्ट11 विकतची, आधी ट्रायल वापरून बघता येते. नुसता जुना स्टार्ट मेनू हवा तर ओपन-शेल, पूर्वीच्या क्लासिक शेलचाच पुढचा अवतार. पूर्ण रूप बदलणाऱ्या थीमसाठी सिस्टिम फाइल पॅच करायला सांगणारे व्हिडिओ दिसतील, विंडोज फक्त मायक्रोसॉफ्टची सही असलेली थीम स्वीकारते म्हणून ते तसं सांगतात, त्या वाटेला जाऊ नका, विंडोज सुरूच झाली नाही तर तो व्हिडिओवाला येणार नाहीये.

कुठलंही टूल घ्या, त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या, एका वेळी एकच टाका, आणि ते काढायचं कसं ते टाकायच्या आधी बघून ठेवा. मी दोन एकदम टाकली होती, दुसऱ्या दिवशी स्टार्ट बटण दोनदा दिसत होतं आणि एकही उघडत नव्हतं, टास्क मॅनेजरमधून एकेक बंद करत बसलो. अण्णांकडे शेवटी विंडहॉक आणि त्यातला उभ्या टास्कबारचा एकच मॉड ठेवलाय, बाकी काही नाही.

शेवटचं काम

सगळं मनासारखं झालं की पर्सनलायझेशन > थीम्समध्ये जाऊन सेव्ह करा आणि नाव द्या. तिथेच उजवीकडे किंवा खाली डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज आहे, धिस पीसी आणि रिसायकल बिन तिथून आणता येतात, आणि "अलाउ थीम्स टु चेंज डेस्कटॉप आयकॉन्स" ची खूण काढून टाका म्हणजे नंतर थीम बदलली तरी आयकॉन हलत नाहीत.

रजिस्ट्रीचे आकडे कागदावर लिहा. आमचे अण्णांच्या डायरीत शेवटच्या पानावर आहेत, गॅसच्या नंबराखाली: स्केल 125, टेक्स्ट 115, दांडी -375, नाइट लाइट 25. मोठं अपडेट झालं की ते स्वतः डायरी काढतात आणि फोनवर एकेक वाचून दाखवतात, मी इकडून हो हो करतो.

परवा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. "सुरू होताना ते म्युझिक वाजायचं ते का नाही वाजत रे?" थीम्स, साउंड्स, खाली "प्ले विंडोज स्टार्टअप साउंड", खूण करा. त्यांनी केली, बंद करून चालू केला, मी फोनवर ऐकत होतो.

"हे ते नाही," म्हणाले.